दुपारी क्लॅरिफायरवर गाळ वर येतोय, एसव्ही-३० ८८०. आधी काय तपासू?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर शिफ्ट सांभाळतो. गेले दोन महिने सेकंडरी क्लॅरिफायरने, म्हणजे जिवाणूंचा गाळ खाली बसवून पाणी वेगळं करणाऱ्या टाकीने, झोप उडवली आहे. सकाळी दहापर्यंत पाणी इतकं नितळ असतं की दीड हात खालचं दिसतं. अकरा वाजले की तळातून तळहाताएवढे तपकिरी गोळे वर यायला लागतात, वर येऊन फुटतात आणि पसरतात. तीन वाजेपर्यंत लाँडरमधून (पाणी बाहेर नेणारी पन्हळ) गाळ सरळ बाहेर जात असतो. संध्याकाळनंतर पुन्हा सगळं शांत.

आकडे देतो. आवक रोज ६,००० घनमीटर, पण साडेदहा ते दीडच्या दरम्यान ती जवळपास दुप्पट वेगाने येते. एरेशन टँक (जिथे हवा देऊन जिवाणूंकडून घाण पचवतात) ३,००० घनमीटर. क्लॅरिफायर एकच, व्यास २२ मीटर, कडेला खोली ३.५ मीटर. एमएलएसएस, म्हणजे एरेशन टँकमधला गाळ, ४,२०० मिग्रॅ/लिटर. एसव्ही-३० (एक लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या तासाने गाळ किती मिलिलिटरवर बसतो ते) ८८०, म्हणजे एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ किती मिलिलिटर जागा घेतो ते) २१०. आरएएस (क्लॅरिफायरच्या तळातून एरेशनमध्ये परत नेलेला गाळ) आवकेच्या ८० टक्के, त्यात गाळ ९,४०० मिग्रॅ/लिटर. वेस्टिंग (जास्तीचा गाळ काढून टाकणं) रोज ६० घनमीटर, कारण गाळ पिळणारी फिल्टर प्रेस दोन महिन्यांपासून अर्धवटच चालते. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) २ ते २.५. आउटलेटचा टीएसएस (पाण्यातले न विरघळलेले कण) दिवसाची सरासरी ६०.

वरिष्ठ म्हणतात हे बल्किंग (गाळ फुगून नीट न बसणं) आहे, आरएएसमध्ये हायपो (क्लोरीनचं द्रावण) सोडा. केमिकल देणारे म्हणतात पॉलिमर, म्हणजे कण एकत्र बांधणारं रसायन, टाका. मला कारण कळल्याशिवाय टाकीतल्या जिवाणूंवर क्लोरीन सोडायचा नाही. आधी काय तपासू?

तुरटी
आमच्याकडे एसव्हीआय २५० वर गेला होता. आरएएसमध्ये हायपो सुरू केला, चौथ्या दिवसापासून गाळ बसायला लागला. दर १,००० किलो एमएलव्हीएसएसमागे (गाळातला सेंद्रिय भाग) रोज २-३ किलो क्लोरीनपासून सुरुवात करा आणि रोज बघत वाढवा. तुमचा २१० म्हणजे बल्किंगच. उशीर करू नका, रोज गाळ बाहेर जातोय.

निवळी
रात्रपाळी, थांबा. हायपोचा कॅन उघडण्याआधी तीन गोष्टी करा. तिन्ही मिळून एका दिवसाचं काम आहे.

पहिली म्हणजे डायल्यूशन, गाळ पातळ करून तीच चाचणी. ८८० या आकड्यावरून गाळ चांगला की वाईट ते ठरत नाही. एक लिटरच्या अरुंद सिलिंडरमध्ये ४.२ ग्रॅम गाळ कोंबला की फ्लॉक (गाळाचे पुंजके) एकमेकांना धरून जाळं करतात, ते जाळं काचेलाही टेकतं आणि खालच्या पाण्याला वर निघायला वाटच राहत नाही. उत्तम गाळसुद्धा अशा गर्दीत अडून बसतो. सकाळच्या नितळ वेळेला तुमच्याच क्लॅरिफायरचं पाणी भरून ठेवा. नळाचं नको, त्यात क्लोरीन असू शकतो आणि क्षारही वेगळे असतात. एका सिलिंडरमध्ये निम्मा गाळ निम्मं पाणी, दुसऱ्यात पाव भाग गाळ आणि पाऊण भाग पाणी. अर्ध्या तासाने वाचा आणि अनुक्रमे २ ने, ४ ने गुणा. ज्या सिलिंडरमध्ये वाचन २०० च्या आसपास किंवा खाली येईल, त्याचाच आकडा धरा. गाळ तंतूंनी (तंतुमय जिवाणूंनी) खरोखर फुगलेला असेल तर पातळ करूनही गुणाकार मोठाच राहील. नुसती गर्दी असेल तर गुणाकार धाडकन खाली येईल.

दुसरी. अर्ध्या तासाने सिलिंडर ओतून टाकू नका. सगळेच टाकतात आणि तिथेच अर्धी माहिती मोरीत जाते. दोन तास तसाच ठेवा आणि दर दहा मिनिटांनी बघा. गाळाला भेगा पडतात का, बुडबुडे दिसतात का, लादी उचलली जाते का. वर आली तर काचकांडीने हलकेच ढवळा आणि पुन्हा बसते का ते पाहा.

तिसरी. ब्लँकेटची, म्हणजे तळाशी साचलेल्या गाळाच्या थराची, जाडी. पुलावरून पारदर्शक नळी तळापर्यंत सोडायची, तळाची झडप बंद करून वर घ्यायची आणि गाळाची उंची मोजायची. सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत दर तासाला, पुलावर एकाच जागी.

तुमचे गोळे अकरालाच का येतात याचं उत्तर बहुतेक या नळीत आहे. तंतूंनी फुगलेला गाळ घड्याळ पाहून वर येत नाही. त्याचं ब्लँकेट सगळीकडून हळूहळू चढतं आणि वेअरवरून (पाणी बाहेर पडतं त्या कडेवरून) ढगासारखं वाहून जातं. गोळे वर येऊन फुटणं ही बहुतेक वेळा वायूची खूण असते.

सूक्ष्मदर्शी
निवळीताईंशी सहमत, त्यात एक भर. मायक्रोस्कोप असेल तर १०० पटीवर ओली स्लाइड पाहा, कव्हर-स्लिप हलक्या हाताने ठेवा. फ्लॉकमधून बाहेर आलेले तंतू एका फ्लॉकपासून दुसऱ्यापर्यंत पुलासारखे ताणलेले दिसले तर बल्किंग. फ्लॉकच्या आतच थोडे तंतू दिसले तर घाबरू नका, तो फ्लॉकचा सांगाडा आहे. तंतू अजिबात नसतील तर फ्लॉक बारीक होतात, गाळ झपाट्याने बसतो आणि वरचं पाणी मात्र गढूळ राहतं.

तंतू जास्त निघाले तरी "तंतू आहेत" एवढ्याने भागत नाही, कोणते आहेत ते बघावं लागतं. डीओ कमी पडला की स्फेरोटिलस आणि टाइप १७०१ वाढतात. सडकं, सल्फाइडचं पाणी येत असेल तर थायोथ्रिक्स आणि टाइप ०२१एन. खाद्य कमी आणि गाळ म्हातारा असेल तर मायक्रोथ्रिक्स पार्विसेला आणि टाइप ००४१. मायक्रोथ्रिक्स थंडीत जोर धरतो आणि क्लोरीनला सहज दाद देत नाही. पीएच घसरला की बुरशी. प्रत्येकाचा इलाज वेगळा. क्लोरीन या सगळ्यांना थोडंफार मारतो, पण ज्या कारणाने ते वाढले ते कारण तसंच राहतं आणि काही आठवड्यांत ते परत येतात.

आकडेमोड
रात्रपाळी, तुमच्या आकड्यांवरून एक हिशेब लगेच दिसतो. आउटलेटला सरासरी ६० मिग्रॅ, ६,००० घनमीटर, म्हणजे रोज ३६० किलो गाळ बाहेर. वेस्टिंगमधून ६० घनमीटर गुणिले ९.४, म्हणजे ५६४ किलो. पाच भागांपैकी जवळपास दोन भाग वेस्टिंग तुमचा क्लॅरिफायरच करतोय.

येणारा बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) किती? त्यावरून रोज गाळ किती तयार होतो ते काढता येईल.

रात्रपाळी
बीओडी २२० च्या आसपास. तिन्ही तपासण्या केल्या, मायक्रोस्कोपही एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणला. लिहून ठेवलेलं जसंच्या तसं देतो.

पातळ न केलेला ८८०. निम्मा-निम्मा ३१०, म्हणजे ६२०. पाव गाळ १३०, म्हणजे ५२०. एसव्हीआय ५२० वरून काढला तर १२४! मी तीनदा करून पाहिलं.

सिलिंडर ठेवला. पन्नास मिनिटांनी गाळात आडव्या भेगा. साठला काचेच्या आतून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे, आधी काचेला चिकटलेले, मग सरकणारे. सत्तराव्या मिनिटाला तळाची लादी एका बाजूने उचलली आणि बघता बघता आख्खी वर आली, खाली नितळ पाणी. काचकांडीने दोनदा ढवळलं तर बुडबुडे सुटले आणि गाळ पुन्हा तळाला गेला.

ब्लँकेट सकाळी सहाला १.१ मीटर, अकराला १.७, एकला २.२. संध्याकाळी उतरतं. दिवसाचं सरासरी धरलं तर दीड.

स्लाइडवर तंतू आहेत पण आतल्या आत, पूल कुठे दिसला नाही. घंटेच्या आकाराचे देठवाले जीव भरपूर, काही रोटिफर. आउटलेटचं नायट्रेट नायट्रोजन म्हणून १४ मिग्रॅ/लिटर.

निवळी
रात्रपाळी, मनापासून शाबास. दर दहा मिनिटांचं असं लिहून ठेवणारा माणूस विरळा.

तुमचा गाळ फुगलेला नाही. १२४ म्हणजे छान बसणारा गाळ. तो जास्त आहे आणि क्लॅरिफायरमध्ये जास्त वेळ अडकतोय, एवढंच. एरेशनमध्ये अमोनियाचं नायट्रेट चांगलं होतंय. तेच नायट्रेट क्लॅरिफायरच्या तळाशी ब्लँकेटमध्ये जातं, तिथे ऑक्सिजन संपलेला असतो, जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. बुडबुडे लादी उचलतात. सिलिंडरमध्ये जे सत्तर मिनिटांत दिसलं तेच टाकीत अकरा वाजता दिसतंय.

हायपो टाकला असता तर? निरोगी फ्लॉक फुटले असते, नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्रेट) करणाऱ्या जिवाणूंनाही फटका बसला असता, पाणी दुधाळ झालं असतं. वरिष्ठांना हाच सिलिंडर समोर ठेवून दाखवा, बोलण्यापेक्षा ते लवकर पटेल.

पॉलिमरने एक-दोन दिवस आउटलेट वाचेल, संकटात वापरायला हरकत नाही. पण त्याने ब्लँकेटमधला गाळ कमी होत नाही.

आकडेमोड
आता पूर्ण हिशेब मांडतो. क्लॅरिफायरचं क्षेत्रफळ ३८० चौरस मीटर. ब्लँकेट सरासरी १.५ मीटर, त्यातला गाळ घनमीटरला साधारण ८ किलो धरला तर क्लॅरिफायरमध्ये सुमारे ४,५६० किलो. एरेशनमध्ये १२,६०० किलो. म्हणजे चौथा हिस्सा गाळ हवेविना तळाशी बसून आहे. आरएएसने रोज ४,८०० गुणिले ९.४, जवळपास ४५,००० किलो उपसला जातो. भागाकार केला तर एक कण ब्लँकेटमध्ये सरासरी अडीच तास राहतो. सिलिंडर सत्तर मिनिटांत उठतो आणि गाळ अडीच तास बसतो! तो वर येणारच.

पीकला (आवक सगळ्यात जास्त असताना) सॉलिड्स लोडिंग, म्हणजे क्लॅरिफायरच्या दर चौरस मीटरवर येणारा गाळ, बघा. १२,००० अधिक ४,८००, गुणिले ४.२, भागिले ३८०. दिवसाला १८६, म्हणजे तासाला चौरस मीटरमागे ७.७ किलो. सरासरीला ४ ते ६ आणि पीकला ८-९ ही प्रचलित मर्यादा, तीही चांगला गाळ आणि चांगली टाकी असेल तर. तुम्ही रोज दुपारी कडेवर उभे आहात. पाण्याचा ओव्हरफ्लो रेट (आवक भागिले क्षेत्रफळ) मात्र सरासरी १६ मीटर प्रतिदिन, तो काही जास्त नाही. जागा पाण्याला पुरते आहे, गाळाला पुरत नाही.

गर्दीची किंमत सरळ रेषेत वाढत नाही. बसण्याचा वेग कॉन्संट्रेशनबरोबर घातांकी पद्धतीने घसरतो, व्हेसिलिंडने १९६८ मध्ये हे समीकरणात मांडलं. म्हणून ४,२०० चे २,८०० केले तर फायदा एक तृतीयांशपेक्षा कितीतरी जास्त मिळतो.

रोज १,३२० किलो बीओडी येतो, त्यातून अंदाजे १,१०० किलो गाळ तयार होत असणार. तुमच्या दोन्ही वाटांनी मिळून ९२४ जातो. उरलेला साठतोय.

तुरटी
मी चुकलो. एसव्हीआय पाहून निकाल दिला, डायल्यूशन विचारलंच नाही. आमच्याकडे खरोखर पूल बांधलेले तंतू होते, म्हणून क्लोरीन लागू पडला. ज्यांना तो द्यावाच लागतो त्यांच्यासाठी अनुभवाचं सांगतो. डोस आरएएसमध्ये, जिथे खळबळ जोरात आहे अशा ठिकाणीच सोडायचा. सगळा गाळ दिवसातून तीन वेळा तरी त्या जागेवरून जायला हवा. पाणी गढुळायला लागलं की ताबडतोब कमी करायचा. आणि तेवढ्या दिवसांत मूळ कारण शोधायचं. आम्ही ते शोधलं नव्हतं, सहा महिन्यांनी पुन्हा तीच वेळ आली.

सूक्ष्मदर्शी
तुरटी, तुमचं कारण काय निघालं? माझ्या एका केंद्रावर ०२१एन होता. एसव्हीआय पातळ करूनही ३०० च्या वर. हवा वाढवून झाली, क्लोरीन झाला. शेवटी इनलेटच्या विहिरीत वाकून वास घेतला तेव्हा कळलं. लांबची पंपिंग लाइन, रात्री पाणी तासन्‌तास पाइपात थांबायचं आणि सकाळी काळं, सल्फाइडचं पाणी एकदम यायचं. रात्री पंप थोडा थोडा वेळ, पण वारंवार चालवायला लावला. महिन्याभरात तंतू ओसरले.

आणखी एक प्रकार लोक विसरतात, तंतू नसताना होणारं चिकट बल्किंग. बीओडी, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं १००:५:१ हे प्रमाण बिघडलं की जिवाणू बुळबुळीत आवरण करतात आणि गाळ पाणी सोडत नाही. स्लाइडवर इंडिया इंकचा थेंब टाकला की शाईचे कण त्या आवरणात शिरत नाहीत, फ्लॉकभोवती पांढरी जागा दिसते. कारखान्यांचं पाणी घेणाऱ्या केंद्रांनी हे जरूर करून पाहावं.

तुरटी
आमच्याकडे डीओ प्रोब चुकीचा निघाला. स्क्रीनवर २, खरा ०.४.

जलरेघ
गाळाबद्दल सगळं बोलून झालंय, टाकीकडेही बघा. वेअरची पातळी शेवटची कधी तपासली? व्ही-नॉचच्या (वेअरवरच्या व्ही आकाराच्या खाचांच्या) एका बाजूला पाणी बोटभर आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम ओलावा असेल, तर अर्ध्याच टाकीतून पाणी निघतंय. वारा नसताना, सकाळी, पूर्ण गोल चालत प्रत्येक नॉचमधल्या पाण्याची उंची पट्टीने मोजा.

दुसरं, आवक दुप्पट होते म्हणता, ती हळूहळू की एकदम? फ्लोट स्विचवर दोन पंप एकत्र सुरू होत असतील तर क्लॅरिफायरला दर वेळी धक्का बसतो. गाळाचा जड प्रवाह तळावरून भिंतीपर्यंत जातो, तिथे वर वळतो आणि बरोबर वेअरखाली निघतो. म्हणून कडेच्या वेअरखाली भिंतीवर बॅफल (प्रवाह अडवणारी पट्टी) बसवतात.

रात्रपाळी
एकाच वेळी दोन पंप, बरोबर ओळखलंत. वेअर मोजतो.

एक शंका. वेस्टिंग वाढवायचंच, पण गाळाचं वय (गाळ सरासरी किती दिवस टाकीत राहतो ते) कमी झालं की अमोनिया वर जाईल का? आणि आरएएस वाढवून गाळ लवकर उपसला तर वेस्टिंग न वाढवताही चालेल का?

निवळी
आरएएस वाढवला तर गाळ तळाशी कमी वेळ राहतो हे खरं, पण तेवढंच पाणी क्लॅरिफायरमध्ये जास्त शिरतं आणि पीकचं सॉलिड्स लोडिंग आणखी चढतं. तुम्ही आधीच कडेवर आहात. एमएलएसएस खाली आला की याच ८० टक्क्यांत काम होईल. तेव्हा आरएएस पातळ दिसेल आणि तो कमी करण्याचा मोह होईल. नायट्रेट आहे तोवर करू नका.

वयाचं म्हणाल तर आता साधारण अकरा-बारा दिवस असेल, २,८०० ला साडेसात-आठ. पाणी वीस अंशांच्या वर असेल तर नायट्रिफिकेशन टिकायला हरकत नाही. थंड पाण्यात हा सल्ला मी देणार नाही, तिथे वय जास्तच हवं आणि दुसरा मार्ग शोधावा लागेल, जसं की टाकीच्या सुरुवातीला ढवळणी ठेवून हवा बंद केलेला भाग. तिथे नायट्रेट आधीच खाल्लं जातं आणि तंतूंनाही आळा बसतो. अमोनिया रोज मोजत राहा.

आणि एकदम उपसू नका. ६० वरून ९०, चार दिवसांनी १२०, मग १६०. दिवसभर थोडं थोडं. दुपारी एकदाच तासभर वेस्टिंग पंप चालवला तर ब्लँकेटमध्ये भोक पडतं आणि वरचं पाणीच ओढलं जातं. प्रेसचं काय करणार?

रात्रपाळी
जुने ड्रायिंग बेड (गाळ वाळवायचे वाफे) साफ करून घेतले. प्रेसच्या कापडांची मागणी गेली आहे.

आकडेमोड
वेळ जाईल, धीर धरा. एरेशन आणि ब्लँकेट मिळून साधारण ७,००० ते ८,००० किलो कमी करायचे आहेत आणि जसजसा आरएएस पातळ होईल तसा वेग मंदावेल. चार आठवडे तरी.

जलरेघ
+१. आठवड्यातच "काही फरक नाही" म्हणून लोक सोडून देतात.

रात्रपाळी
पाच आठवड्यांनी परत आलो. पहिले दहा दिवस काहीच बदल नव्हता आणि वरिष्ठांनी दोनदा हायपोचा विषय काढला. दुसऱ्यांदा त्यांना प्रयोगशाळेत बोलावून सिलिंडरसमोर सत्तर मिनिटं बसवलं. लादी वर आली तशी मी ढवळली, ती बसली. त्यानंतर विषय निघाला नाही.

आजचे आकडे. एमएलएसएस २,९००. पातळ न करता एसव्ही-३० ४१०, निम्मा-निम्मा १७५ म्हणजे ३५०. दोन्हींतला फरक आटला आहे. ब्लँकेट सकाळी ०.३ मीटर, पीकला ०.७. आरएएस ८० टक्केच ठेवला, त्यात गाळ ६,५००. वेस्टिंग १६० घनमीटर, चोवीस तासांत वाटून. अमोनिया १ च्या खाली. आउटलेटचा टीएसएस गेले आठ दिवस १२ ते १६. दुपारी एखादा गोळा येतो, येतच नाही असं नाही.

वेअर पूर्वेकडून ८ मिलिमीटर खाली निघाली, ती समतल केली. दुसरा पंप आता पहिल्यानंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतो. याचा वाटा किती आणि वेस्टिंगचा किती ते मला वेगळं सांगता येणार नाही, दोन्ही एकाच आठवड्यात झालं. प्रेस मात्र अजून तशीच आहे आणि बेड भरत आलेत, त्याची काळजी आहे.

निवळी
वाचून फार बरं वाटलं. बेड भरले म्हणून वेस्टिंग थांबवू नका, प्रेससाठी हेच आकडे वर पाठवा. नायट्रेट पुन्हा मोजलंत का? आणि सिलिंडर आता किती वेळाने उठतो?

रात्रपाळी
मोजलं, ११. सिलिंडर काल ९५ मिनिटांनी उठला. गाळ तळातून तासाच्या आत निघतोय.